रंकाळ्याची पूर्ण प्रदक्षिणा कशी करावी

कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर जाणारे बहुतेक लोक टॉवर आणि चौपाटी यांच्या मधल्या कट्ट्यावर बसून परततात. तलावाचे खरे रूप मात्र त्याला पुरता वळसा घातल्याशिवाय कळत नाही. सावकाश चालल्यास फेरीला सुमारे दीड तास लागतो आणि वाट जवळजवळ सपाट आहे.

सुरुवात रंकाळा टॉवरपासून करावी आणि देवाच्या प्रदक्षिणेप्रमाणे पाणी उजव्या हाताला ठेवावे. या रीतीला व्यवहाराचेही कारण आहे. सूर्यास्तापूर्वी सुमारे पावणेदोन तास निघाल्यास आपण पूर्वेचा आणि दक्षिणेचा काठ उरकून, पश्चिमेकडून शालिनी पॅलेस हा राजवाडा मागे टाकत, मावळतीच्या वेळी पुन्हा टॉवरपाशी पोचतो आणि संपूर्ण तलावापलीकडे बुडणारा सूर्य समोर दिसतो. सकाळी निघायचे असल्यास उजाडताच निघावे. तेव्हा वाहनांची वर्दळ कमी असते आणि उगवतीचे ऊन पॅलेसच्या दर्शनी बाजूवर पडते.

टॉवरपाशी क्षणभर थांबून वायव्येला पाहावे. पाऊस उघडल्यावर हवा धुतल्यासारखी झाली की पन्हाळा आणि जोतिबा यांचे डोंगर स्पष्ट ओळखू येतात. उन्हाळ्याच्या धुरकटात ती आशा धरू नये. पुढे शिवाजी पेठेच्या अंगाला संध्यामठ आहे. पावसाळ्यात तलाव भरला की हा दगडी मठ पाण्यात बुडतो आणि उन्हाळ्यात पाणी ओसरले की त्याचे खांब उघडे पडतात. म्हणून ही एक वास्तू पाहण्यासाठी एप्रिल-मे महिन्यांतली फेरी मुद्दाम करावी, असे माझे मत आहे. इथे पूर्वी काळ्या दगडाची खाण होती आणि भूकंपानंतर तिच्यात पाणी साठून तलाव झाला, अशी परंपरागत समजूत आहे; दक्षिणेकडची इराणी खण, म्हणजे पाण्याने भरलेली जुनी खाण, पाहताना ती सहज पटते.

या भागात चाल मंद ठेवावी, कारण पक्षी इथे निवांत दिसतात. कपाळावर पांढरा टिळा असलेले काळे वारकरी पक्षी थव्याने तरंगतात. टिबुकली बुडी मारते आणि भलत्याच ठिकाणी वर येते. तिची पुढची जागा हेरत बसणे हा मुलांसाठी उत्तम खेळ आहे. निर्माल्य किंवा खाऊचे कागद पाण्यात टाकू नयेत. सांडपाणी आणि केंदाळ यांनी या तलावाने पुष्कळ सोसले आहे.

पश्चिमेकडे काही ठिकाणी काठ सोडून रस्त्याने जावे लागते; तिथे लहान मुलांचा हात धरावा. शालिनी पॅलेस १९३१ ते १९३४ या काळात काळा दगड आणि इटालियन संगमरवर वापरून बांधला गेला. त्याचा मनोरा दूरवरून दिसतो.

पावसाळ्यात घाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते, म्हणून खाली पाण्याशी उतरू नये आणि गुळगुळीत तळव्याच्या चपला टाळाव्यात. मावळतीची किरणे देवळात अंबाबाईच्या मूर्तीपर्यंत पोचतात त्या किरणोत्सवाच्या दिवसांत, म्हणजे नोव्हेंबरच्या ९ ते ११ आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या तारखांना, मावळतीची वेळ देवळासाठी राखून फेरी सकाळीच करावी. एरवी संध्याकाळची फेरी संपल्यावर चौपाटीवर भेळ खावी, तीही फेरीनंतरच, कारण भरल्या पोटी शेवटचा टप्पा जड जातो.