चेनसॉचा ऑइलर: पंप उघडण्याआधी तेल कुठे अडलंय ते कसं शोधायचं

चेन कोरडी पडली की लोक आधी मशीनखालचा, तेल कमी-जास्त करायचा स्क्रू पिळतात. त्याने काही झालं नाही की थेट नवा पंप आणतात. हे दोन्ही मी करून बसलोय, म्हणून आधीच सांगतो: बहुतेक वेळा पंप बिचारा ठणठणीत असतो.

चेनला तेल पुरवणाऱ्या यंत्रणेला 'ऑटोमॅटिक ऑइलर' म्हणतात, आणि सगळा गोंधळ त्यातल्या 'ऑटोमॅटिक' या शब्दामुळे होतो. जुन्या चेनसॉवर हँडलजवळ एक बटण असायचं. कापता कापता अधूनमधून अंगठ्याने ते दाबलं की तेलाची पिचकारी बारवर, म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते त्या लांब पट्टीवर जायची. ते बटण दाबायचं काम आता मशीन करतं, एवढाच 'ऑटोमॅटिक'चा अर्थ. टाकीत तेल आहे का, बारपर्यंत पोचलं का, चेन तापली का, यातलं या यंत्रणेला काहीही कळत नाही. तिला फक्त फिरणं कळतं. फिरवलं की ती ढकलते, समोर तेल असो नाहीतर हवा.

तेल जातं कसं

टाकीच्या तळाशी रबरी नळी असते आणि नळीच्या टोकाला गाळणी. तिथून तेल पंपात येतं. पंप म्हणजे एक छोटीशी धातूची पुंगळी आणि तिच्यात बसलेला दट्ट्या. दट्ट्याच्या अंगावर दाते असतात. क्रँकशाफ्टवर (इंजिनच्या फिरत्या दांड्यावर) बसलेला वर्म गिअर, म्हणजे स्क्रूसारख्या आट्यांचा गिअर, त्या दात्यांना सावकाश फिरवत राहतो. दट्ट्याला एक तिरकी खाच किंवा उतार असतो आणि तो एका पिनेला घासत जातो, त्यामुळे दट्ट्या फिरता फिरता मागे-पुढेही होतो. मागे गेला की तेल ओढतो, पुढे आला की ढकलतो. यात वेगळी झडप नसते. दट्ट्याच्या टोकाची एक बाजू तासून सपाट केलेली असते. ती आळीपाळीने आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या भोकासमोर येते, आणि तेवढ्यापुरती वाट मोकळी होते. पहिल्यांदा पंप हातात आला तेव्हा मी तो नुसता बोटांनी फिरवत बसलो होतो. एवढ्याशा तुकड्यात पंप आणि झडप दोन्ही!

पंपातून निघालेलं तेल, जिथे बार बसतो त्या पृष्ठभागावरच्या उभट खाचेत येतं. तिथून बारच्या भोकातून बारच्या कडेच्या चरीत जातं. पुढचं काम चेनचं. तिचे चरीत बुडालेले दुवे तेल ओढत वरच्या बाजूने टोकापर्यंत नेतात आणि खालून परत आणतात.

किती तेल? मध्यम मशीनमध्ये मिनिटाला 5 ते 20 मिलिलिटर, म्हणजे एक ते चार चमचे. आणि त्या तेलावर धावणारी चेन बघा. 3/8 इंच पिचची (पिच म्हणजे दुव्यांच्या अंतराचं माप) चेन आणि 7 दात्यांचं स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) असेल, तर एका फेऱ्यात सुमारे 13 सेंमी चेन सरकते. 9,000 आरपीएमला हेच सेकंदाला 20 मीटर होतं. एवढ्या वेगात चार चमच्यांपैकी दोन वाटेत अडले, तरी बार तापून निळा पडायला वेळ लागत नाही.

एक फरक लक्षात ठेवा. काही मशीनमध्ये वर्म गिअर सरळ क्रँकशाफ्टवरून फिरतो, म्हणजे नुसतं इंजिन चालू असलं तरी तेल येतं. बऱ्याच मशीनमध्ये तो क्लचच्या ड्रमवरून (चेनला फिरवणाऱ्या वाटीसारख्या भागावरून) फिरतो, म्हणजे चेन फिरेल तेव्हाच तेल. दुसऱ्या प्रकारचं मशीन आयडलवर ठेवून 'तेल येत नाही' म्हणणं निरर्थक आहे.

तपासणी

टाकी भरा. मशीन चालू करून बारचं टोक एखाद्या फिक्या पृष्ठभागापासून वीसेक सेंटिमीटरवर धरा. ताजा बुंधा चालेल, पुठ्ठा चालेल. टेकवू मात्र नका. पाऊण रेसवर मिनिटभर चालवा. तेलाची स्पष्ट रेघ उमटली की पुढचं वाचायची गरज नाही.

रेघ नाही उमटली तर टाकीकडे बघा. हा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि निम्मं उत्तर त्यातच असतं: तेल संपतंय का? साधारण एका पेट्रोलच्या टाकीबरोबर तेलाची टाकी बरीचशी रिकामी व्हायला हवी. पेट्रोल आधी संपावं असंच माप ठेवलेलं असतं. तेल संपतंय पण बार कोरडा आणि मशीनचं पोट तेलाने माखलेलं, याचा अर्थ पंप काम करतोय आणि वाट बारपाशी अडली आहे. टाकी भरलेली तशीच राहिली, तर अडचण अलीकडे आहे.

बार

स्पार्क प्लगची टोपी काढा, मगच पुढे हात घाला. बार काढा, पातळ पट्टीने चर टोकापासून शेवटपर्यंत खरवडा, दोन्ही भोकं तारेने मोकळी करा. भोकं दोन असतात, कारण बार उलटासुलटा बसतो. दुसऱ्या मशीनचा बार जुगाड करून बसवला असेल, तर भोक आणि खाच समोरासमोर येतात का तेही बघा.

बार न लावता

मशीनवरची खाच पुसून कोरडी करा, कव्हर बाजूला ठेवा, चेनब्रेक सुटलेला ठेवा (ब्रेक लागलेला असेल तर ड्रम फिरणारच नाही), आणि ड्रमपासून हात दूर ठेवून थोडी रेस द्या. फुल रेस नको, समोर काही भार नाही. तेल खाचेतून पाझरायला लागलं तर पंप, नळी, गाळणी सगळं ठीक. परत बारकडे जा.

तेल आलं नाही तर थांबा. माझी चूक नेमकी इथे झाली.

श्वास अडलेली टाकी

माझ्या मशीनचा त्रास असा होता: दहा-पंधरा मिनिटं छान चालायचं, मग चेन कोरडी. टाकी उघडून बघायचो तर तेल भरपूर. झाकण लावून परत चालू केलं की पुन्हा दहा मिनिटं ठीक. मी ठरवून टाकलं की पंप झिजलाय, गरम झाला की पकड सोडतो. नवा पंप आणला, अख्खी संध्याकाळ घालवून बसवला, आणि मशीन पुन्हा चालू झालं तेव्हा बरोबर बारा मिनिटांनी चेन कोरडी.

त्या दिवशी वैतागून झाकण उघडलं आणि पहिल्यांदाच नीट ऐकलं. फुस्स. हवा आत शिरली. आधीही शिरत असणार, माझं लक्ष नव्हतं.

टाकीतून तेल बाहेर गेलं की त्याच्या जागी हवा यायला हवी. त्यासाठी टाकीला एक छोटा व्हेंट असतो: कुठे रबरी चोच, कुठे सच्छिद्र धातूची बारीक गोळी. हवा आत येईल पण तेल बाहेर जाणार नाही, अशी त्याची रचना. तो भुशाने आणि चिकट तेलाने बुजला की टाकीत हळूहळू पोकळी तयार होते. एवढासा पंप त्या ओढीविरुद्ध तेल खेचू शकत नाही. झाकण उघडलं की पोकळी भरते आणि मशीन शहाण्यासारखं वागतं. म्हणूनच बिघाड येतो-जातो असं वाटतं.

त्यामुळे माझा आता ठाम नियम आहे: तेल यायचं थांबलं की सगळ्यात आधी इंजिन बंद करून झाकण सैल करा आणि कान द्या. फुस्स ऐकू आलं तर व्हेंट साफ करा किंवा बदला. पंपाला हात लावू नका. काहीच ऐकू आलं नाही तर तारेच्या आकड्याने गाळणी बाहेर ओढा, पेट्रोलमध्ये धुवा, नळीला चीर आहे का बघा. चीर पडलेली नळी तेलाऐवजी हवा पिते.

उघडायचंच असेल तर

एवढं करूनही तेल नसेल, तरच क्लचपर्यंत जा. क्लचचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवल्यावर सुटतो. पिस्टन अडवण्यासाठी प्लगच्या भोकातून दोरी सोडा, पण आधी पिस्टन एक्झॉस्टच्या भोकाच्या वर आणा. नाहीतर दोरी भोकात अडकून कातरली जाते आणि मग तुकडे वेचत बसावं लागतं. चिमट्याने, तासभर. अनुभव आहे.

ड्रम काढला की पंपाआधी वर्म गिअर बघा. दाते झिजले असतील, प्लॅस्टिकचे असतील तर वितळले असतील. स्वस्त मशीनमध्ये पंपाआधी हाच जातो.

खरी परीक्षा ड्रम परत बसवताना असते. अनेक मशीनमध्ये वर्म गिअरच्या स्प्रिंगची एक तार बाहेर आलेली असते, वाकवलेल्या टाचणीएवढी. ती ड्रमच्या कडेवरच्या एका बारीक खाचेत बसली पाहिजे. ड्रम फिरतो, खाच तारेला ढकलते, तार वर्मला फिरवते. तार खाचेत नसेल तर ड्रम एकटाच फिरतो. मी तो नवा पंप बसवला त्याच संध्याकाळी ड्रम 'जवळजवळ बसलाय' म्हणून वर दाबला आणि ती तार चपटी केली. नवी स्प्रिंग येईपर्यंत काम बंद.

ब्रेक सोडा. तारेला चिकट ग्रीसचा ठिपका लावा म्हणजे ती जागची हलत नाही. ड्रम हलक्या हाताने सरकवत थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे फिरवा. खाच सापडली की तो आपोआप आणखी एक-दोन मिलिमीटर आत जातो. ड्रम जागेवर धरणाऱ्या क्लिपची शाफ्टवरची खाच पूर्ण उघडी दिसली पाहिजे. अर्धीच दिसत असेल तर क्लिप जबरदस्तीने बसवू नका, ड्रम काढा आणि पुन्हा करा. क्लिप लावण्याआधी ड्रम हाताने फिरवून वर्म सोबत फिरतोय की नाही ते बघा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि ते टाळणारे सगळे दोनदा ड्रम काढतात.

स्क्रू आणि तेल

खालचा स्क्रू दट्ट्याची पुढे-मागे होण्याची मर्यादा बदलतो, बाकी काही नाही. बुजलेलं भोक त्याने उघडत नाही. लांब बार, सुकं कठीण लाकूड असेल तर वाढवा. काही मशीनना तो नसतोच, शोधत बसू नका.

तेल बार-चेनचंच वापरा. त्यात चिकटपणासाठी मिसळ असते, म्हणून ते टोकाच्या वळणावर उडून जात नाही. 'गाडीचं काढलेलं काळं तेल ओत, काही होत नाही' असं सांगणारे भेटतील. त्या तेलात धातूचा कीस असतो, तोच दट्ट्याला चरे पाडतो. शिवाय ते तेल तुमच्या कपड्यांवर आणि चेहऱ्यावर उडतं, आणि ते अंगाला लागणं आरोग्याला घातक आहे. वनस्पती तेलाचं बार ऑइल चांगलं असतं, पण महिनोन्महिने मशीनमध्ये सोडलं तर डिंकासारखं जमतं. ठेवून देण्याआधी टाकी रिकामी करा.

आणि सकाळी मशीनखाली तेलाचा बशीएवढा डाग दिसला तर घाबरू नका. चरीत राहिलेलं तेल निथळतं, उन्हाने टाकीतली हवा फुगली की थोडं बाहेरही येतं. खाली पुठ्ठा ठेवा. डाग रोज वाढत चालला तर मात्र नळीचा जोड बघा.