पावसात ब्रुअरी फिरायला निघताय? आधी या चुका टाळा

जून संपत आला की मुंबई-ठाण्याच्या मित्रांचे मेसेज सुरू होतात. शनिवारी गाडी काढतोय, वाटेत लोणावळ्याला भजी, मग पुण्यात चार मायक्रोब्रुअरी (जिथे बिअर तिथेच बनवून देतात), रात्री परत, लिस्ट पाठव. लिस्ट आनंदाने पाठवतो, पुण्यात जागा खरंच चांगल्या आहेत, 2009 ला डूलाली ही मायक्रोब्रुअरी इथेच सुरू झाली तेव्हा देशात हा प्रकारच नवा होता. पण लिस्टच्या आधी कुणीही विचारत नाही की गाडी कोण चालवणार. सगळा घोळ तिथेच होतो.

"मी फक्त सॅम्पलर घेतो"

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. सॅम्पलर म्हणजे वेगवेगळ्या बिअर चाखायला थोड्या थोड्या, ग्लास छोटे असतात, ट्रेमध्ये छान मांडून येतात, त्यामुळे लोकांना ते पिण्यात धरावंसंच वाटत नाही. आता हिशोब करा. 100 मिलीचे सहा ग्लास म्हणजे 600 मिली, म्हणजे अर्ध्या लिटरच्या पिंटपेक्षा जास्त. साधी 5 टक्क्यांची अर्धा लिटर बिअर घेतली तरी पोटात साधारण 20 ग्रॅम अल्कोहोल जातं आणि शरीर तासाला ढोबळमानाने 7-8 ग्रॅमच संपवतं. म्हणजे एका पिंटला अडीच-तीन तास. कॉफी प्या, तोंडावर पाणी मारा, पावसात उभे राहा, तो वेग वाढत नाही.

माझ्या मावसभावाचा ग्रुप असाच आला होता. चौघं, गाडी याचीच, आणि हा सगळ्यांना सांगत होता की मी ड्रायव्हर आहे मी पिणार नाहीये, फक्त चाखतो. सहा ग्लासांचा ट्रे चाखला, मित्राला स्टाऊट (काळी, जड बिअर) कडू लागली म्हणून त्याचा उरलेला अर्धा ग्लासही यानेच संपवला, तासाभरात बिल देऊन निघाले. शहराबाहेर पडायच्या आधीच नाकाबंदी. मशीनमध्ये फुंकायला लावलं, आकडा वर. कायद्यात मर्यादा आहे 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम, ती गाठायला फार प्यावं लागत नाही. बाकीच्या तिघांपैकी दोघं प्यायलेले आणि तिसरा पीत नव्हता पण त्याच्याकडे लायसन्स नाही, त्यामुळे गाडी तिथेच राहिली आणि हे चौघं धो धो पावसात रस्त्याच्या कडेला. रात्री साडेबाराला मला फोन. गेलो, घरी आणलं, कोरडे कपडे दिले. पुढे कोर्टात 10,000 दंड भरला (पहिल्या वेळेला सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते, हे त्याला तिथे गेल्यावर कळलं). आणि तरी दुसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणतो काय, अरे सॅम्पलरच तर होते. मला दंडाचं काही वाटलं नाही. पुढे रात्रीचा खंडाळ्याचा घाट होता, धुकं होतं, पाऊस होता आणि गाडीत चार जण होते, माझ्या डोक्यात तेवढंच फिरत होतं.

त्यामुळे माझ्याकडे एकच पद्धत आहे. एकतर एक दिवसाचा ड्रायव्हर घ्या, चौघांत वाटून खर्च जड जात नाही, नाहीतर पुण्यात मुक्काम करा, गाडी हॉटेलवर लावा आणि पुढे कॅबने फिरा. ग्रुपमधलाच कुणी न पिता गाडी चालवणार असेल तर त्याचं जेवण बाकीच्यांनी द्यायचं आणि जागा त्याने निवडायच्या. "एखादी घे रे, काय होतंय" असा आग्रह करणारा माणूस पुढच्या वेळी गाडीतच नको.

एका दिवसात चार ब्रुअरी

नाही होत. बाणेर, कोरेगाव पार्क, मुंढवा हे मॅपवर जवळ दिसतं, शनिवारी संध्याकाळी पाऊस असताना बाणेरहून मुंढव्याला जाऊन दाखवा. अर्धा दिवस ट्रॅफिकमध्ये जातो आणि मग वेळ भरून काढायला लोक घटाघट पितात. दोन जागा, मधे नीट जेवण, बस.

त्यात घाई असली की ऑर्डरही उलटी होते. बसल्या बसल्या आयपीए, ही कडवट बिअर, कारण नाव ऐकलेलं असतं. तो हॉप्सचा (बिअरमध्ये घालायच्या फुलांचा) कडूपणा जिभेवर बसला की नंतर आलेली विट, म्हणजे गव्हाची हलकी बिअर, पाण्यासारखी लागते आणि मग म्हणतात इथली बिअर पातळ आहे. हलकीकडून जडकडे जा. आधी विट किंवा हेफेवायझन (जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर), मग आयपीए, शेवटी स्टाऊट. विट गढूळ दिसते म्हणून ती वेटरकडे परत पाठवणारेही बघितलेत, अहो ती गव्हाची असते, गाळत नाहीत, तशीच दिसते. तिच्यातला संत्र्याच्या सालीचा आणि धण्याचा वास घ्या आधी. हेफेवायझनला केळ्याचा, लवंगेचा वास येतो तो यीस्टमुळे, कुणी इसेन्स टाकलेला नसतो. दोघांत एक ट्रे मागवा, आवडलेली एकच निवडा आणि ती सावकाश प्या.

जेवणाचंही तेच. आयपीएबरोबर झणझणीत चिकन मागवलं की तिखट अजून भडकतं. तिखट विटबरोबर खा आणि मटण सुक्क्यासारखं भाजलेल्या मसाल्याचं काही असेल तर स्टाऊट. आणि सकाळच्या एका वडापाववर दुपारी चारला प्यायला बसू नका, रिकाम्या पोटी सगळं लवकर चढतं.

पावसाचं

घाटात चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका. मागच्याला तुम्ही थांबलाय की वळताय काहीच कळत नाही. हेडलाइट लो बीमवर, असतील तर फॉग लॅम्प, आणि अंतर ठेवा.

काचेवर आतून वाफ धरली तर फडकं मारत बसू नका, एसी चालू करून हवा काचेवर सोडा.

साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर परत स्टार्टर मारायचा नाही. इंजिनात पाणी गेलेलं असलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि मग इंजिनच उघडावं लागतं. ढकलून बाहेर काढा, टो करायला गाडी बोलवा.

पिऊन धबधब्यात उतरायचं नाही. 30 जून 2024 ला भुशी डॅमजवळ एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, ते तर सहज फिरायला आलेले लोक होते. पाणी वरून कधी वाढतं ते खाली उभ्या माणसाला दिसत नाही.

निघायच्या आधी

ड्राय डे बघा. आषाढी एकादशी, 15 ऑगस्ट, गणपती विसर्जन, सगळे पावसाळ्यातच येतात आणि दरवर्षी कुणीतरी बंद दारासमोरून मला फोन करतं. ओळखपत्र जवळ ठेवा, बिअरला वय 21 लागतं.

घरी न्यायला ग्राऊलर (ताजी बिअर भरून द्यायची मोठी बाटली) घेतलात तर तो डिकीत नुसता टाकू नका. ही बिअर पाश्चराइझ केलेली नसते, उबेत लवकर बिघडते. बर्फाची पेटी बरोबर असेल तरच घ्या, घरी पोचल्यावर लगेच फ्रीजमध्ये, आणि एकदा उघडला की त्याच दिवशी संपवा.