ओमानच्या डोंगरात ट्रेकला जायचंय? आधी पाण्याचा हिशोब लावा

राजगड-तोरणा झालाय, सांदण व्हॅली उतरलोय, मग ओमानला काय अवघड, असं म्हणणारे पुण्यात बरेच भेटतात, आणि नुसत्या चालण्याचा विचार केला तर ते बरोबरही आहे, कारण आपल्या दमट हवेत आणि कातळावर तयार झालेल्या माणसाला तिथल्या हजर नावाच्या पर्वतरांगेतल्या बऱ्याच वाटा झेपतात. सह्याद्रीत लागलेली पाण्याची सवय मात्र तिथे उलटी पडते. अंगाजवळचं पाणी कमी पडतं आणि दरीत नको तेव्हा जास्त येतं, सगळं प्लॅनिंग ह्या दोन गोष्टींभोवती करा.

सीझन नोव्हेंबर ते मार्चचा मध्य. त्यानंतर खाली उन्हाळ्यात ४५ च्या आसपास तापमान जातं, तिथे हिरोगिरी नको. मुक्काम निझवाला करा, मस्कतहून दीडेकशे किलोमीटर, चांगला हायवे आहे, आणि जेबेल शम्स, जेबेल अख्दर (जेबेल म्हणजे डोंगर), मिस्फाह गाव सगळं तिथून जवळ पडतं. गाडी भाड्याने घेताना फोर बाय फोरच घ्या, जेबेल अख्दरच्या पायथ्याला बिरकत अल मौझला पोलीस चेकपोस्ट आहे, साधी गाडी ते वर सोडतच नाहीत.

पहिला ट्रेक म्हणून जेबेल शम्सचा बाल्कनी वॉक करा, म्हणजे डब्ल्यू ६ नंबरची वाट. अल खतैमपासून दरीच्या कडेकडेने सोडून दिलेल्या अस-साब गावापर्यंत जाते, एका बाजूचं अंतर जेमतेम चार किलोमीटर, दगडांवर लाल-पांढरे-पिवळे पट्टे मारलेले असतात त्यामुळे वाट चुकायला फारसा वाव नाही. खाली दरी साधारण हजार मीटर खोल, त्यामुळे उंचीची भीती असेल तर आतल्या बाजूने चाला आणि सेल्फीसाठी मागे मागे सरकू नका, कठडा वगैरे नाहीये. सोपा ट्रेक आहे पण येताना थोडा चढ लागतो, आणि सावली म्हणाल तर अगदी तुरळक.

जेबेल शम्सच्याच दक्षिण शिखराची वाट डब्ल्यू ४, उंची २९९७ मीटर, पठारावरून जवळपास हजार मीटरचा चढ. सर्वात उंच टोकावर लष्कराचा तळ आहे, तिकडे जाता येत नाही, उगाच प्रयत्न करू नका. डिसेंबरमधे वर रात्री पारा शून्याजवळ जातो, खाली टीशर्टमधे होतो म्हणून जॅकेट गाडीत ठेवायचं नाही.

आता पाणी. सिंहगडावर ताक-लिंबू सरबतवाल्या मावशी भेटतात, राजगडावर टाकी आहेत, ह्यातलं इथे काही धरू नका. थंडीतसुद्धा माणशी तीन लिटर, डब्ल्यू ४ ला चार-पाच, आणि बाटल्या स्वतःच्या पाठीवर, ग्रुपमधल्या एकाच दणकट पोराकडे सगळ्या द्यायच्या नाहीत. हवा इतकी कोरडी की घाम दिसतच नाही, लगेच वाळतो, शर्टवर पांढरे मिठाचे डाग आले की समजायचं, म्हणून तहान लागायची वाट न बघता दर वीस मिनिटांनी दोन घोट, आणि एका बाटलीत मीठ-साखर-लिंबू. प्रॅक्टिस करायची तर कात्रज ते सिंहगड रात्री नको, फेब्रुवारीत दिवसा करा आणि किती पाणी संपलं ते लिहून ठेवा. वेताळ टेकडीच्या सकाळच्या फेरीवरून हा अंदाज येत नाही.

दुसरं पाणी जास्त धोक्याचं. हे डोंगर बरेचसे उघड्या चुनखडीचे, माती नाही, झाडं नाहीत, पाऊस पडला की मुरत नाही, सगळा वादीत, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या नदीच्या दरीत, उतरतो, आणि तो पाऊस वीस-तीस किलोमीटर लांब पडला तरी तुमच्या डोक्यावर निळं आकाशच असतं. एप्रिल २०२४ च्या पुरात शाळेची मुलं असलेली गाडी वाहून गेली होती, हे लक्षात असू द्या. अरुंद घळीत शिरण्याआधी दोन्ही बाजूंना बघा, कण्हेरीच्या झुडपांत काटक्या, प्लॅस्टिक अडकलेलं दिसेल, ते तुमच्या डोक्याच्या वर असेल तर पाणी कुठवर येतं ते कळलं. पाणी अचानक गढूळ झालं किंवा वरून घरघर ऐकू आली की सॅक सोडा आणि उंच जागा गाठा, उलट पळत वाट शोधू नका. वाहत्या वादीत गाडी घालणं तिथे गुन्हाच आहे. आणि हो, कण्हेर विषारी, तिच्या काटक्या चुलीत किंवा चहा ढवळायला अजिबात नकोत.

वादी शाबला पोहता येत असेल तरच पुढपर्यंत जा. सुरुवातीला छोट्या होडीने पलीकडे सोडतात, मग पाऊण तास चाल, मग तलाव, आणि शेवटी खडकातली फट एवढी अरुंद की फक्त डोकं पाण्याबाहेर राहतं, आत गुहेत धबधबा. भारी जागा आहे, पण शुक्रवार-शनिवार तिथल्या लोकांची सुट्टी असल्याने त्या दिवशी टाळा. ओला चुनखडी दगड पायांनी घासून गुळगुळीत झालाय, चांगली ग्रिप असलेले बूट घालूनच पाण्यात उतरा.

फुरशाचे भाऊबंद तिथेही आहेत, दगडाखाली हात घालायचा नाही. जेबेल शम्सच्या बकऱ्या डबा उघडायची वाटच बघत असतात, ठेपले सांभाळा. मोबाईलला दरीत रेंज जाते म्हणून मॅप ऑफलाईन घ्या, हॉटेलवर कुठली वाट आणि किती वाजता परत ते सांगून निघा, इमर्जन्सी नंबर ९९९९.

दुबईमार्गे जाणार असाल तर आईने दिलेले अनारसे घरीच ठेवा, युएईत खसखस चालत नाही.