तरवडाचे बी उगवेना तेव्हा
जत तालुक्यातील आमच्या मुरमाड बांधावर, पाण्यावाचून तगेल आणि ज्याला गुरे सहसा तोंड लावत नाहीत असे झुडूप म्हणून मी तरवड निवडला. परंतु पहिल्या पावसाळ्यात पेरलेल्या दोन ओंजळी बियांतून जेमतेम पाच रोपे वर आली. बी जुने असेल असे वाटून नवे आणले, तरी तेच. अखेर एक बी नखाने फोडू पाहिले, ते फुटेना, तेव्हा दोष कठीण कवचाचा आहे हे ध्यानात आले. मग उकळून चुलीवरून उतरवलेल्या पाण्यात बिया टाकून रात्रभर तशाच ठेवल्या आणि सकाळी फुगलेल्या तेवढ्याच निवडून पिशव्यांत लावल्या. उरलेल्या पॉलिश पेपरवर घासून पुन्हा भिजवल्या. या वेळी बहुतेक पिशव्या भरल्या.

आता पिवळ्या फुलांवर काळे भुंगे येतात. या फुलांत मध नसतो, केवळ पराग; भुंगा परागकोशांना मिठी मारून अंग थरथरवतो, तेव्हा टोकाच्या छिद्रांतून पराग उडून त्याच्या पोटाला माखतो, आणि ती गुणगुण चार हातांवरूनही ऐकू येते. पाने मात्र फुलपाखरांच्या हिरव्या अळ्या कुरतडतात. त्यांच्यावर मी फवारणी करत नाही.