पहिल्या उन्हाळ्यातलं राफ्टिंग: साउथ फोर्कला जाण्याआधी

कॅलिफोर्नियातल्या सॅन फ्रान्सिस्को बे एरियात नव्याने आलेल्या मराठी मंडळींना पहिल्याच मे-जूनमध्ये हटकून एक निरोप येतो. ऑफिसमधला कुणीतरी किंवा मंडळाच्या कार्यक्रमात ओळख झालेलं एखादं जोडपं विचारतं, "शनिवारी साउथ फोर्कला राफ्टिंगला जातोय, दोन जागा आहेत, येताय का?" माझं मत आधीच सांगतो: जा. सहा महिने एकत्र कॉफी पिऊन होत नाही तेवढी ओळख एका बोटीत अर्ध्या दिवसात होते. फक्त 'हो' म्हणण्याआधी चार गोष्टी विचारून घ्या आणि तिथे पोचल्यावर भीड बाळगू नका. आपल्याकडे कुणी गप्प बसलं की "काय रे, काय झालं?" म्हणून चारजण मागे लागतात. इथे सगळं नीट सांगतात, पण एकदाच सांगतात, आणि तुम्ही जे उत्तर द्याल ते खरं धरून पुढे जातात.

पहिला प्रश्न: कुठली नदी? अमेरिकन रिव्हरच्या नॉर्थ, मिडल आणि साउथ अशा तीन शाखा सिएरा नेवाडा डोंगररांगेतून उतरतात. पाण्याची अवघडता एक ते सहा अशा दर्जांत सांगतात. साउथ फोर्क तिसऱ्या दर्जाची, म्हणजे लाटा मोठ्या, पण नवख्यांना झेपणाऱ्या. मिडल फोर्क चौथ्या दर्जाची. तिच्यावर 'टनेल शूट' नावाची जागा आहे, सोनं शोधणाऱ्यांनी डोंगर फोडून नदी वळवली तिथली. तिथून बोट खाली जाते तेव्हा आत बसणाऱ्याला फारसा काही पर्याय नसतो. ग्रुपमधला उत्साही माणूस "मिडलच करू, साउथ काय, पोरंटोरं करतात" असं म्हणेलच. त्याला म्हणू द्या. पहिल्या खेपेला साउथच.

साउथ फोर्कचा राफ्टिंगचा पट्टा चिली बारपासून फॉल्सम तलावाच्या तोंडापर्यंत साधारण वीस मैलांचा आहे. वरच्या अर्ध्यात मीटग्राइंडर, ट्रिपल थ्रेट आणि शेवटी ट्रबलमेकर ही खळाळती ठिकाणं. खालच्या अर्ध्याला गॉर्ज म्हणतात. तिथे आधी बराच वेळ नदी संथ असते आणि मग सेटन्स सेसपूल, हॉस्पिटल बार अशी खळाळती ठिकाणं एकामागून एक येतात. नावं ऐकून घाबरू नका, नावं ठेवणाऱ्यांना नाट्याची हौस होती. अर्धाच दिवस असेल तर मी वरचा पट्टा सुचवेन, कारण तिथे सुरुवातीपासूनच पाणी कामाला लावतं. पूर्ण दिवस असेल तर गॉर्ज घ्या.

दुसरा प्रश्न पाण्याचा, आणि इथे महाराष्ट्रातल्या माणसाला उगाच परकं वाटायला नको. खडकवासल्यातून किती क्युसेक सोडले हे पावसाळ्यात आपण रोज ऐकत आलो. इथेही तेच एकक, सेकंदाला घनफूट. उन्हाळ्यात साउथ फोर्कला साधारण हजार-पंधराशे क्युसेक असतात. पुणेकराला हा आकडा हसण्यावारी न्यावासा वाटेल, पण अरुंद, उतरत्या, खडकाळ पात्रात तेवढं पुरतं. हे पाणी नुसत्या पावसाचं किंवा बर्फाचं नव्हे, वर वीजनिर्मितीची धरणं आहेत आणि तिथून ठरावीक वेळी पाणी सोडतात. कोलाडला कुंडलिकेवर सकाळीच राफ्टिंग का होतं, हे ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको. भिऱ्याच्या वीजघरातून पाणी सुटतं तेव्हाच ती नदी बोटीला उचलते. म्हणून इथेही सकाळी आठ-नऊची वेळ दिली असेल तर ती पाळायची. उशीर झाला तर पाणी तुमच्यासाठी थांबत नाही.

जास्त बर्फाच्या वर्षी, २०२३ सारख्या, मे-जूनमध्ये पाणी खूपच वाढतं आणि तिसऱ्या दर्जाची नदी तिसऱ्या दर्जाची राहत नाही. राफ्टिंग कंपनीला फोन करून "या शनिवारी किती पाणी अपेक्षित आहे आणि आमच्यात पहिल्यांदा येणारे आहेत, चालेल का?" असं सरळ विचारा. या प्रश्नाला कुणी हसत नाही. पाणी थंड मात्र ऑगस्टातही असतं. बाहेर ऊन पस्तीस-अडतीस डिग्रीचं आणि पाणी असं की पहिल्या उडीला श्वासच अडकतो. मे-जूनमध्ये वेटसूट, म्हणजे पाण्यात ऊब धरणारा घट्ट पोशाख, घ्याच. "कुणाला हवाय का?" असं एकदा विचारतील, आपण शेजारच्याकडे पाहून "नो, आय ॲम गुड" म्हणतो आणि पुढचे चार तास कुडकुडतो.

आता खरी गोष्ट. बोटीत बसण्याआधी गाइड विचारतो, पोहता न येणारे कोण आहेत? आपल्या ग्रुपमधले निम्मे हात वर जायला हवेत, ते जात नाहीत. ऑफिसमधले लोक बघतायत, नवी ओळख आहे, लाज वाटते. हात वर करा. पोहता येत नसलं तरी साउथ फोर्कला सहसा नेतात. फक्त गाइड तुम्हाला स्वतःच्या जवळ बसवतो, लाइफ जॅकेटचे पट्टे पुन्हा ओढून पाहतो आणि पडलात तर आधी कुणाकडे बघायचं हे त्याला माहीत असतं. दम्याचा पंप, गुडघ्याचं जुनं दुखणं, गरोदरपण, हेही त्याच वेळी सांगायचं. सही करून दिलेल्या कागदावर तुम्ही जोखीम समजून घेतली असं लिहिलेलं असतं. तो कागद वाचा, निदान आरोग्याचा भाग तरी.

उलट गावच्या विहिरीत सूर मारून शिकलेल्यांनी जास्त जपायचं. विहिरीतलं पाणी जागच्या जागी असतं. इथे बोटीतून पडलात तर पाठीवर व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेला, पायाची बोटं पाण्याच्या वर, आणि कितीही उथळ वाटलं तरी वाहत्या पाण्यात उभं राहायचं नाही. पाऊल दोन खडकांत अडकलं तर पाणी तुम्हाला पुढे ढकलून तोंडावर पाडतं. नदीत बुडण्याचा हा फार वाईट प्रकार आहे आणि तो कमरेएवढ्या पाण्यातही होतो.

गाइडच्या हाका थोड्याच असतात: फॉरवर्ड, बॅक, स्टॉप, गेट डाउन. 'हाय साइड' ही हाक मात्र अंगात आणावी लागते. बोट खडकाला आडवी टेकली की आपण आपोआप खडकापासून लांब सरकतो. करायचं नेमकं उलटं, सगळ्यांनी खडकाच्या बाजूला झेप घ्यायची, नाहीतर वरच्या अंगाने पाणी आत शिरतं आणि बोट उलटते. वल्ह्याच्या टोकाच्या मुठीवरचा हात कधीच सोडू नका. राफ्टिंगमध्ये दात पडतात ते बहुधा शेजाऱ्याच्या वल्ह्याच्या मोकळ्या सुटलेल्या मुठीने.

कपड्यांचं थोडक्यात: सुती काहीही नको, जीन्स तर नकोच. चपला नकोत, टाचेला पट्टा असलेली सँडल किंवा जुने बूट चालतील. चष्म्याला दोरी. मंगळसूत्र, अंगठ्या घरीच, गाडीतही नको. गाडीची किल्ली कंपनीकडे ठेवता येते का ते विचारा. जेवणात बहुतेक सँडविच असतं, तेव्हा शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच कळवा. नदीकाठी "थोडं घ्या ना" म्हणत दुसरा पदार्थ आणून द्यायला कुणी नसतं. किनाऱ्यावर तीन-तीन पानांचं चकचकीत झुडूप दिसलं तर हात लावू नका. ते पॉयझन ओक, त्याची खाज दोन-तीन आठवडेही पुरू शकते.

शुक्रवारी रात्रीच जाऊन नदीकाठच्या कोलोमा-लोटसला तंबू ठोकणं उत्तम. फ्रीमाँट-सनीव्हेलकडून एरवी अडीच-तीन तास, शुक्रवारी संध्याकाळी व्हलेहोपासून सॅक्रामेंटोपर्यंत किती ते देवच जाणे. कॅम्पग्राउंडवर रात्री शांततेची वेळ असते आणि ती खरंच पाळतात. आपल्या भेंड्या त्याआधी आटपा. नदीवरसुद्धा कोलोमाच्या आसपास वस्तीजवळून जाताना शांततेचा पट्टा आहे. तिथे आरडाओरडा आणि बोटीबोटींतली पाण्याची मारामारी बंद. गाइड सांगतो, तरी शिवाजी महाराजांचा जयजयकार नेमका तिथेच सुचतो, असा अनुभव आहे. तो ट्रबलमेकर पार झाल्या झाल्या करा, तिथे काठावर बघेही असतात.

रविवारी लगेच निघू नका. ताहो सरोवराहून परतणारी गर्दीही त्याच रस्त्यांना लागते. कोलोमात २४ जानेवारी १८४८ रोजी जेम्स मार्शलला सटरच्या लाकूड गिरणीजवळ सोनं सापडलं आणि जगभरातून माणसं इथे लोटली. ती जागा आता स्टेट पार्क आहे. पण मी नव्यांना घेऊन जातो ते जवळच्या गोल्ड हिलला. १८६९ साली जपानहून काही कुटुंबं चहाची रोपं आणि रेशमाचे किडे घेऊन तिथे शेती करायला आली. वाकामात्सू नावाची ती वसाहत दोन वर्षांत मोडली. ओकेई नावाची मुलगी १८७१ मध्ये एकोणिसाव्या वर्षी तिथेच वारली. तिची समाधी आहे. व्हिसाच्या तारखांवर बोलत आलेली मंडळी तिथे जरा वेगळं बोलायला लागतात.

पैशांचं: अर्ध्या दिवसाला माणशी साधारण शंभर-दीडशे डॉलर, शनिवारी जास्त. गाइडला टिप द्यायची असते, दहा ते वीस टक्के, रोख असलेली बरी. ग्रुपने टिप किती हे आदल्या रात्रीच ठरवा, गाइडसमोर हिशेब करत उभं राहणं बरं दिसत नाही. फोटो एकानेच विकत घेऊन सगळ्यांना पाठवावेत.

आणि ते फोटो पाहून भारतात आईबाबा म्हणतील, "आम्ही आलो की आम्हालाही ने." साठी ओलांडलेले लोक नदीवर दिसतात, प्रकृती ठणठणीत असेल तर कंपनीला विचारून न्यायला हरकत नाही. मात्र प्रवासी विम्यात साहसी खेळ बऱ्याचदा वगळलेले असतात, आणि इथल्या इमर्जन्सी रूमचं बिल आपल्याकडच्या कल्पनेत मावत नाही. त्यांचं तिकीट काढण्याआधी पॉलिसीतलं ते कलम शोधा. सापडत नसेल तर विमा कंपनीला लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या.