एन्व्हायर्नमेंट बघून टेस्ट चालवायच्या कशा?

खऱ्या डेटाबेसशी बोलणारी टेस्ट डेटाबेस नसलेल्या लॅपटॉपवर लाल, म्हणजे नापास, होणारच. त्या लाल रंगातून कोडबद्दल काहीच कळत नाही, आणि रोज तो दिसत राहिला की टीम खरं अपयशही दुर्लक्षित करू लागते. म्हणून अशा टेस्टना अट घालावी. खालच्या पायऱ्या पायटेस्टसाठी, म्हणजे पायथनमधल्या टेस्ट चालवणाऱ्या साधनासाठी आहेत.

पहिली पायरी, टेस्ट वेगळ्या काढा. डेटाबेस, बाहेरची सेवा किंवा विशिष्ट ऑपरेटिंग सिस्टम लागते, तेवढ्यांनाच अट हवी. मॉक, म्हणजे खऱ्या सेवेची नकली प्रतिकृती, वापरून काम भागत असेल तर तेच करा, कारण अट घातलेली प्रत्येक टेस्ट कुठेतरी न चालणारी टेस्ट असते.

मग एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे कोडबाहेर ठेवलेली आणि कोडला वाचता येणारी किंमत, ठरवा. समजा, नाव ‘रन_डीबी_टेस्ट्स’. त्याची किंमत नेमकी १ असेल तरच टेस्ट चालतील, एरवी नाही, असा नियम ठेवा. इथे बरेच जण फसतात. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल नेहमी स्ट्रिंग असतं, आणि पायथनमध्ये रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग खरी धरली जाते. त्यामुळे कोडमध्ये नुसतं ‘व्हेरिएबल आहे का’ एवढंच तपासलं, तर कुणी त्यात ० ठेवून टेस्ट बंद करू पाहिल्या तरी त्या चालतात. थेट तुलना करा. शिवाय व्हेरिएबल ‘ओएस.एन्व्हायरन.गेट’ने वाचा, चौकटी कंसाने वाचलं आणि ते सेटच नसलं, तर की-एरर येऊन अख्खी फाइल लोड व्हायची राहते.

आता टेस्टवर ‘स्किपइफ’ मार्कर, म्हणजे अट खरी असेल तर टेस्ट वगळायला सांगणारी खूण, लावा. तो एकदाच एका नावाखाली साठवा, म्हणजे अट दहा ठिकाणी लिहावी लागत नाही. मार्करच्या ‘रीझन’मध्ये पुढे काय करायचं ते लिहा: ‘डेटाबेस नाही’ यापेक्षा ‘डेटाबेस सुरू करून रन_डीबी_टेस्ट्स=१ ठेवा’ हे वाचणाऱ्याच्या कामाचं. ही अट फाइल इम्पोर्ट होतानाच तपासली जाते, त्यामुळे नंतर फिक्श्चरमध्ये, म्हणजे टेस्टची पूर्वतयारी करणाऱ्या फंक्शनमध्ये, व्हेरिएबल बदलून उपयोग नाही.

जावात हेच काम जेयुनिट ५ मधलं ‘एनेबल्डइफएन्व्हायर्नमेंटव्हेरिएबल’ करतं. किंमत तिथे रेग्युलर एक्स्प्रेशनने जुळवली जाते.

सगळ्यात जास्त काळजी सीआयवर, म्हणजे कोड बदलला की टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेवर, घ्यायची. सगळ्या टेस्ट स्किप झाल्या तरी पायटेस्ट शून्य एक्झिट कोड, म्हणजे यशाची खूण, देतं, म्हणजे पाइपलाइन हिरवी. कॉन्फिगरेशन बदलताना व्हेरिएबलची ओळ गळाली, तर डेटाबेसच्या टेस्ट कित्येक दिवस चालल्याच नाहीत हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. लॅपटॉपवर स्किप चालेल. ज्या जॉबचं कामच डेटाबेस तपासणं आहे, तिथे स्किप म्हणजे अपयशच मानलं पाहिजे. गिटहब अॅक्शन्स आणि गिटलॅब दोन्ही ‘सीआय’ हे व्हेरिएबल आपणहून ‘ट्रू’ ठेवतात. पायटेस्ट आपोआप वाचतं त्या कॉन्फटेस्ट फाइलमध्ये तपासा: ‘सीआय’ ट्रू आहे पण ‘रन_डीबी_टेस्ट्स’ १ नाही, तर ‘पायटेस्ट.एक्झिट’ने रन तिथेच थांबवा आणि कारण छापा. काही जॉब डेटाबेसविना चालत असतील, तर त्यांना या तपासणीतून स्पष्टपणे वगळा.

शेवटी तीन प्रकारे चालवून बघा, प्रत्येक वेळी ‘-आरएस’ पर्याय देऊन, म्हणजे स्किपची कारणं यादीत दिसतील. व्हेरिएबल नसताना टेस्ट स्किप व्हायला हव्यात, १ ठेवल्यावर चालायला हव्यात, आणि लॅपटॉपवरच ‘सीआय’ ट्रू करून ‘रन_डीबी_टेस्ट्स’ काढलं की रन थांबायला हवा.