पोराबाळांना घेऊन लाव्हाच्या गुहेत कसं जायचं

लाव्हा ट्यूब म्हणजे लाव्हाने स्वतःच बनवलेला बोगदा. पातळ लाव्हा उतारावरून वाहत असतो, अकराशे डिग्रीच्या आसपास तापलेला, वरचा थर हवा लागून घट्ट होतो, दुधावर साय धरते ना अगदी तसा, पण आत लाव्हा वाहतच असतो, आणि मागून येणं थांबलं की आतला सगळा निथळून जातो आणि पोकळ नळी उरते. मुलांना हे घरीच सांगून ठेवा, मग आत गेल्यावर ती नुसती चालत नाहीत, शोधत राहतात.

पहिल्या वेळेला लाईट लावलेली छोटी गुहा घ्या. हवाईमधली नाहुकू किंवा कॅलिफोर्नियाच्या लाव्हा बेड्समधली मशपॉट, दोन्हीकडे वाट आखलेली आहे. ते जमलं की वॉशिंग्टन राज्यात माउंट सेंट हेलेन्सजवळची एप केव्ह, पण तिचा खालचा भागच, जाऊन-येऊन साधारण अडीच किलोमीटर आणि बराचसा सपाट. वरच्या भागात दगडांचे २७ ढिगारे आणि ८ फुटांची लाव्हाची भिंत चढावी लागते, लहान मुलांना घेऊन तिकडे वळू नका. परमिट किंवा बुकिंग लागतं का आणि गुहा उघडी आहे का, हे निघायच्या आधी बघा. कुठल्या गुहेत जाताय आणि किती वाजेपर्यंत बाहेर येणार, हे बाहेरच्या कोणाला तरी नक्की सांगून ठेवा.

आता उजेड, यात अजिबात काटकसर नको. प्रत्येकाच्या डोक्यावर स्वतःचा हेडलॅम्प, अगदी पाच वर्षांच्या मुलालासुद्धा, शिवाय मोठ्यांकडे जास्तीच्या टॉर्च आणि नवीन सेल. फोनचा टॉर्च यात धरू नका, तो हातातून पडतो आणि चार्जिंग संपलं की फोनही गेला. काळा दगड उजेड पिऊन टाकतो, त्यामुळे घरी भक्कम वाटलेली टॉर्च आत मिणमिणती वाटते. मेणबत्ती, मशाल वगैरे काही नाही, धूर आत कोंडतो.

कपड्यांचं म्हणाल तर बाहेर कितीही ऊन असू दे, जॅकेट हवंच. एप केव्हमध्ये वर्षभर साधारण ५-६ डिग्री असतं. जाड तळव्याचे बंद शूज, लांब पँट, आणि ग्लोव्हज, कारण हा दगड किसणीसारखा खरखरीत असतो, हात टेकला की सोलवटतो. छत मधेच खाली येतं म्हणून हेल्मेट.

शूज आणि कपडे आधी दुसऱ्या कुठल्या गुहेत वापरलेले असतील तर ते घालू नका, आणि परत आल्यावर सगळं धुवा. अमेरिकेत २००६ पासून एका बुरशीमुळे वटवाघळं लाखोंनी मेली आहेत आणि ती बुरशी माणसांच्या बुटांना चिकटूनही पसरू शकते. वटवाघळं दिसली तर उजेड बाजूला घ्या आणि गुपचूप पुढे चला, थंडीत झोपेतून जागी झाली तर साठवलेली चरबी उगाच जळते.

आत शिरल्यावर पाच मिनिटं थांबा, डोळ्यांना सवय होऊ द्या. एक मोठा माणूस पुढे, एक सगळ्यात मागे, आणि वेग सगळ्यात छोट्या मुलाचा. शेवटपर्यंत पोचायची घाई मला तरी कळत नाही, खरी मजा भिंतीत आहे. भिंतीवर आडव्या रेघा दिसतील, टाकीतलं पाणी उतरल्यावर राहतात तशा, त्यातली प्रत्येक रेघ म्हणजे लाव्हा तेवढ्या उंचीवरून वाहत होता. टॉर्च तिरकी धरली की त्या उठून दिसतात. छताला शार्कच्या दातांसारखे थेंब थिजलेले असतात, जमिनीवर दोरखंड गुंडाळून ठेवल्यासारखा लाव्हा. एप केव्हमध्ये तर एक मोठा गोल दगड लाव्हावर तरंगत येऊन वर छताजवळ अडकलाय, मुलांना तो आधी शोधू द्या. भिंतीवर कुठे कुठे पांढरट-सोनेरी चकचकीत थर असतो, ते जिवाणू आहेत, हात लावू नका आणि वरून लोंबणारी मुळंही ओढू नका, त्यावर किडे जगतात.

मग एखादी सपाट जागा बघून सगळे खाली बसा, मुलांचे हात धरा, सांगून सवरून एकेक करत सगळे दिवे बंद करा आणि साठपर्यंत मोजा. डोळ्यांसमोर हात हलवला तरी काही दिसत नाही, फक्त पाणी टपकल्याचा आवाज येतो. घाबरेल अशा मुलाच्या हातात बटण द्या, दिवा त्यानेच लावायचा.

मुलं कुरकुरायच्या आधीच परत फिरा, कारण तेवढंच अंतर परत चालायचंय. आणि येताना उलट्या बाजूने उजेड पडतो, जाताना न दिसलेल्या रेघा आता दिसतात.